सळईची सरहद्द आणि दाखल्याची सरहद्द

अनेक राष्ट्रे एकत्र येऊन आपल्या सत्तेचा काही भाग एका सामाईक सत्तेच्या स्वाधीन का करतात, या प्रश्नावर पाश्चात्त्य विद्यापीठांतून गेली सत्तर वर्षे वाद चालला आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, हा सारा सदस्य राष्ट्रांच्या सरकारांनी आपापला नफातोटा मोजून केलेला व्यवहार आहे. सामाईक संस्था म्हणजे त्या व्यवहाराचे मुनीम. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, मुनीम एकदा पेढीवर बसला की पेढीचा कारभार हळूहळू त्याच्याच हाती जातो आणि मालकांनाही त्याच्या वह्यांप्रमाणे चालावे लागते. राज्यशास्त्राच्या वर्गांतून 'अधिराष्ट्रीय एकात्मता' अशा जड नावाखाली हा वाद शिकवला जातो. मीही तो शिकवतो. ज्यांचे बाप जालन्याच्या एमआयडीसीत भट्टीवर नाहीतर रोलिंग मिलमध्ये पाळ्या करतात अशी मुले माझ्यासमोर बसलेली असतात. त्यांच्या बाकावर बसून या वादाची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. हा वाद सदस्य आणि संस्था या दोघांनाच ओळखतो. सदस्याच्या पोटात कोण दबलेला आहे, हे तो विचारीत नाही. आपल्या देशात सदस्याच्या पोटात जात आहे. म्हणून हा न विचारलेला प्रश्न आपल्यासाठी पहिला ठरतो.

युरोपच्या एकीकरणाची सुरवात लोखंड आणि कोळशापासून झाली, हे सांगितले की जालन्याचा विद्यार्थी जरा सावरून बसतो. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी असे सुचवले की, फ्रान्स आणि जर्मनीचे कोळशाचे आणि पोलादाचे सारे उत्पादन एका सामाईक अधिसत्तेखाली आणावे. पोलादाशिवाय तोफ होत नाही; तेव्हा पोलादच सामाईक केले तर एकमेकांवर डागायच्या तोफा चोरून ओतता येणार नाहीत, असा साधा हिशेब त्यामागे होता. १९५१ मध्ये पॅरिसचा तह झाला. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेम्बर्ग असे सहा देश त्यात सामील झाले आणि १९५२ पासून 'उच्च प्राधिकरण' कामाला लागले. त्याचे पहिले अध्यक्ष झां मॉने. या प्रयोगाचा अभ्यास करून एर्न्स्ट हास या अभ्यासकाने १९५८ मध्ये मांडले की, एका क्षेत्रातले एकीकरण तेथेच थांबत नाही, ते शेजारच्या क्षेत्रात सांडते. पोलाद सामाईक झाले की रेल्वेभाड्याचा प्रश्न येतो, भाड्यामागोमाग मजुरीचा येतो, आणि मग कारखानदार व कामगार संघटना या दोघांचीही तोंडे नव्या सत्ताकेंद्राकडे वळतात. पुढे चाळीस वर्षांनी, १९९८ मध्ये, अँड्र्यू मोरावसिक याने याच इतिहासाची उलट बाजू मांडली. मोठे निर्णय सरकारांनीच घेतले, आपल्या शेतकऱ्यांच्या आणि कारखानदारांच्या हितासाठी घेतले, आणि संस्थांना जेवढा दोर दिला तेवढाच त्यांनी वापरला, असे त्याचे प्रतिपादन. त्यालाही पुरावा आहे. १९६५ मध्ये द गॉल यांनी आपले प्रतिनिधीच बैठकांतून काढून घेतले. फ्रान्सची खुर्ची सहा-सात महिने रिकामी राहिली आणि जानेवारी १९६६ मध्ये बाकीच्या पाचांना तडजोड करावी लागली. एक सदस्य रुसला की अख्खी पंगत थांबते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, असे म्हणून आमची क्रमिक पुस्तके प्रकरण संपवतात. मला तसे संपवता येत नाही, कारण या दोन्ही बाजूंच्या हिशेबात न बसणारी एक बाई मध्ये उभी आहे. गाब्रिएल देफ्रेन ही बेल्जियमच्या विमान कंपनीतली हवाई सेविका. तेच काम करणाऱ्या पुरुषापेक्षा तिला पगार कमी होता आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी नोकरी सोडावी लागे. १९५७ च्या रोमच्या तहात समान कामाला समान वेतन हे कलम होतेच. ते घातले सदस्य राष्ट्रांनी, आणि अमलात न आणता तसेच ठेवलेही त्यांनीच. ही बाई न्यायालयात गेली आणि १९७६ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, हे कलम सरकारांनी एकमेकांना दिलेले नुसते आश्वासन नाही, त्यावर कोणाही कामगार स्त्रीला आपल्या देशातल्या न्यायालयात थेट उभे राहता येईल. मागची सारी देणी द्यावी लागली तर काय होईल, या भीतीने ब्रिटन आणि आयर्लंडची सरकारे न्यायालयात धावली. न्यायालयही तेवढ्यापुरते नमले आणि ज्यांनी आधीच दावे लावले होते त्यांना वगळून बाकीच्यांसाठी हक्क निकालाच्या दिवसापासून धरला. तरीही झाले ते मोठे झाले. सदस्याने दाबून ठेवलेला माणूस सदस्याला ओलांडून सामाईक संस्थेपर्यंत पोचला. एकीकरणाची खरी मोजपट्टी मला येथे सापडते. किती देश एकत्र आले, किती खाती सामाईक झाली, यापेक्षा दबलेल्याला घरच्या मालकाची परवानगी न घेता वरचे दार ठोठावता येते का, हे पाहिले पाहिजे.

युरोपची आरती ओवाळण्याचे मात्र कारण नाही. रुमानिया आणि बल्गेरिया २००७ मध्ये युरोपीय संघात आले. तेथून आलेल्या रोमा लोकांच्या वस्त्या २०१० मध्ये फ्रान्सने उठवल्या आणि माणसे परत पाठवली. कागदावर ते संघाचे नागरिक होते. सामाईक आयोगाच्या न्याय-आयुक्त कडाडून बोलल्या, कारवाईची धमकी दिली गेली आणि पुढल्याच महिन्यात ती कारवाई बाजूला ठेवली गेली. गावकुसाबाहेरचा माणूस युरोपातही गावकुसाबाहेरच राहतो, आणि तेथे सामाईक संस्थेचा आवाज कसा बसतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता आपल्या घरात येऊ. भारत हा युरोपीय संघासारखा करारातून जन्मलेला संघ नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हे स्पष्ट केले होते: आपला संघ हा घटकांनी आपापसांत केलेल्या करारातून निर्माण झालेला नाही, म्हणून कोणत्याही घटकाला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी ३२ व्या कलमात करून ठेवली. हक्कावर घाला पडला तर कोणाही व्यक्तीने थेट सर्वोच्च न्यायालयात जावे, वाटेत राज्याची परवानगी घेऊ नये. या कलमाला त्यांनी घटनेचा आत्मा म्हटले ते उगाच नव्हे. युरोपात व्यक्तीला सामाईक कायद्याचा थेट आधार घेता येतो हे तत्त्व तेथल्या न्यायालयाने १९६३ मध्ये शोधून काढले. आमच्याकडे ते १९५० पासून लिहिलेले आहे. तरीही आमच्याकडे सदस्याच्या पोटातला माणूस का गुदमरतो, हा खरा प्रश्न आहे.

मराठवाड्याच्या माणसाला करार म्हणजे काय ते चांगले ठाऊक आहे. निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्याआधी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, नागपूर करार झाला होता. निधी, शिक्षण, नोकऱ्या यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष, असे त्यात लिहिले होते. घटनेच्या ३७१ (२) या कलमाने विकास मंडळांची तरतूद १९५६ मध्येच झाली. प्रत्यक्ष मंडळे यायला १९९४ चा मे उजाडला. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. सदस्यांनी करार करायचा, सामाईक संस्था कागदावर ठेवायची, अडतीस वर्षांनी ती उभी करायची आणि मुदत सरली की हात झटकायचे, हे मोरावसिकला कळले असते तर त्याने आपल्या ग्रंथात एक प्रकरण वाढवले असते.

मला मात्र येथे दुसरेच काही म्हणायचे आहे. 'अनुशेष' हा शब्द आमच्याकडे घरोघर पोचला तो १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालाने. रस्ते, सिंचन, वीज, शाळा यांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे, हे त्या अहवालाने मोजले. ते मोजणे आवश्यक होते. पण जिल्हा हे माप धरले की पाटाचे पाणी कोणाच्या शिवारात थांबले आणि कोणाच्या वस्तीपर्यंत आलेच नाही, हे त्या मापात दिसत नाही. जिल्ह्याचा अनुशेष असतो. महारवाड्याचा आणि मांगवाड्याचा अनुशेष कोणत्या तक्त्यात लिहिला जातो? मराठवाडा मागास राहिला, ही तक्रार खरी आहे. ती तक्रार घेऊन मुंबईला जाणारे आणि आपल्याच गावात पाणवठ्यावर आडवे उभे राहणारे हात पुष्कळदा एकच असतात, हेही खरे आहे.

याचा लखलखीत पुरावा नामांतर. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. राज्य नावाच्या सामाईक संस्थेने निर्णय घेतला आणि प्रदेश नावाच्या सदस्याने तो मोडून काढला. कोणत्या नावाने? मराठवाड्याच्या अस्मितेच्या नावाने. घरे जळली ती मराठवाड्यातल्याच माणसांची. पण त्या दिवसांत ती माणसे 'मराठवाडा' या शब्दात मोजलीच गेली नाहीत. साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, नामविस्तार झाला. विकास मंडळे त्याच वर्षीच्या मे महिन्यातली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या. अनुशेषाचा इतिहास सांगणारे पहिली गोष्ट गाळतात आणि नामांतराचा इतिहास सांगणारे आपण दुसरी गाळतो. ही आपलीही एक खोड आहे.

बाबासाहेबांनी हे आधीच पाहिले होते. भाषावार राज्यांवरच्या १९५५ च्या आपल्या पुस्तिकेत त्यांनी दाखवून दिले की, भाषेच्या आधारावर राज्य झाले की त्या राज्यातली एक मोठी जात सत्तेवर बसते आणि विखुरलेल्या छोट्या जाती तिच्या दयेवर राहतात. म्हणून मराठी भाषकांचे एकच अवाढव्य राज्य न करता चार करावीत, असे त्यांनी सुचवले. चार राज्ये झाली असती तर जात मोडली असती, असे मी म्हणणार नाही. तसा त्यांचाही दावा नव्हता. सदस्य म्हणजे एकजीव व्यक्ती नव्हे, त्याच्या पोटात सत्तेची उतरंड असते, हा त्यांचा मुद्दा आहे. युरोपच्या वादातल्या दोन्ही पंडितांकडे तो नाही. हास संघटित हितसंबंधांपर्यंत येतो, मोरावसिक घरातल्या उत्पादकांच्या दबावापर्यंत येतो. ज्याला संघटना नाही आणि उत्पादनाचे साधनही नाही, त्याच्यापर्यंत दोघेही येत नाहीत.

जालन्याच्या एमआयडीसीत हा मुद्दा रोज डोळ्यांपुढे उभा असतो. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण; आज पाळण्यात लोखंड आहे. भंगार येते, विजेच्या भट्टीत वितळते, त्याचे बिलेट होतात, बिलेट लाल करून रुळांतून लाटले की सळई बाहेर पडते. भंगार परमुलखातून आले तरी चालते आणि सळई कोणत्याही राज्यात गेली तरी चालते. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्याराज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले. २०१८ पासून ई-वे बिल काढले की ट्रक सुटतो. या करासाठी परिषद आहे. तीत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राशिवाय राज्यांचे चालत नाही आणि राज्यांशिवाय केंद्राचे. सदस्य आणि संस्था यांचे नाते इतक्या काटेकोर अपूर्णांकांत मांडलेले दुसरे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल. सप्टेंबर २०२५ मध्ये या परिषदेची ५६ वी बैठक झाली. मालासाठी सारे सदस्य किती तत्परतेने बसतात पाहा. कामगारांसाठीही एक सामाईक पीठ होते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४२ मध्ये, सरकार, मालक आणि मजूर यांची त्रिपक्षीय परिषद सुरू झाली. भारतीय श्रम परिषद म्हणून ती पुढे चालत आली. तिचे ४६ वे अधिवेशन २०१५ मध्ये भरले आणि त्यानंतर वर्षामागून वर्षे गेली तरी पुढचे भरले नाही.

आता भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाकडे वळू. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातले मजूर मोठ्या संख्येने आहेत. ते इतक्या लांब का आले? याचे एक उत्तर सामाईक धोरणातच आहे. १९५६ पासून केंद्राने पोलादाचे रेल्वेभाडे देशभर समान केले. खाणीपासून जवळ असो की हजार मैल दूर, पोलाद एकाच भावाने मिळू लागले. हे धोरण १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालले. खनिजाच्या उशाला असलेल्या बिहारचा जो काही नैसर्गिक फायदा होता तो गेला आणि मुंबई-पुण्याकडच्या कारखानदारीला तो मिळाला. एकात्मतेच्या नावाखाली एका सदस्याचे ताट दुसऱ्याकडे सरकवले गेले. बिहारच्या उद्योगहीनतेचे हे एकच कारण नव्हे; तेथल्या जमीनदारीने आणि जातिव्यवस्थेने पुरेसे केलेले आहे. पण लोखंड आधी पश्चिमेला आले आणि त्याच्यामागोमाग माणूस आला, हा क्रम विसरून चालणार नाही.

गया जिल्ह्यातला, चमार जातीचा एक कामगार माझ्या ओळखीचा आहे. वीस वर्षांहून अधिक काळ तो जालन्यात राहतो. त्याचा मुलगा इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला. माझ्यापेक्षा चांगली जालन्याची मराठी बोलतो. चमार ही जात बिहारच्या अनुसूचीत आहे आणि महाराष्ट्राच्याही अनुसूचीत आहे. असे असूनही महाराष्ट्र राज्याच्या राखीव जागांसाठी हा मुलगा अनुसूचित जातीचा नाही. घटनेच्या ३४१ व्या कलमाने जातींच्या याद्या राज्यागणिक केल्या आणि त्या त्या राज्याच्या संदर्भातच ती जात अनुसूचित मानली. मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ठरवले की, एका राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला की तो दर्जा त्याच्याबरोबर जात नाही. १९९४ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये घटनापीठांनी तेच कायम केले. केंद्राच्या नोकरीसाठी तो अनुसूचित जातीचा आहे. रेल्वेत अर्ज करताना आहे, राज्याच्या महाविद्यालयात अर्ज करताना नाही. एकच मुलगा, एकच गाव, दोन खिडक्या.

न्यायालयाचा युक्तिवाद पोकळ नाही. प्रत्येक प्रदेशात अस्पृश्यतेचे आणि मागासलेपणाचे रूप वेगळे असते. एका राज्यात दबलेली जात दुसऱ्या राज्यात तेवढीच दबलेली असेल असे नाही. आणि बाहेरून आलेल्यांना जागा दिल्या तर तेथल्या मूळ दलितांच्या तोंडचा घास जाईल. याला माझे उत्तर असे की, वेगळेपण यादीत असते. मुकादम यादी वाचत नाही. नाव-गाव विचारले, आडनाव ऐकले की त्याला जे कळायचे ते कळते. कोणाला भट्टीच्या तोंडाशी उभे करायचे, कोणाला खोलीत भाड्याने घ्यायचे नाही, हे ठरवताना गयेची जात जालन्यातही लागू पडते. अपमान राज्याची सीमा ओलांडून येतो आणि अपमानावरचा उतारा सीमेवर अडतो.

राज्याचा दाखला मागितला की येथे एक तारीख विचारली जाते: १० ऑगस्ट १९५०. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशीचा. त्या दिवशी तुमचे वाडवडील या राज्याचे रहिवासी होते काय, हे सिद्ध करायचे. आता गंमत पाहा. १० ऑगस्ट १९५० रोजी जालना महाराष्ट्रात नव्हते. महाराष्ट्र नावाचे राज्यच तेव्हा नव्हते. जालना हैदराबाद राज्यात होते. आमचे आजे-पणजे जागचे हलले नाहीत. राज्येच आमच्यावरून सरकत गेली, आणि याद्या नव्या राज्यांना जुळवून घेण्यात आल्या. काही जातींवर राज्यातल्या राज्यात विभागवार बंधने होती, म्हणजे विदर्भात अनुसूचित असलेला माणूस मराठवाड्यात आला की तो कोणी नसे. ती प्रादेशिक बंधने बहुतेक सारी १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने संसदेने उठवली. याचा अर्थ सरहद्दी पुसता येतात. पुसणाऱ्याच्या मनात असावे लागते.

सामाईक संस्था नेहमी पुढे असते आणि सदस्य मागे, असाही नियम नाही. धर्मांतरानंतर बौद्धांच्या सवलती गेल्या तेव्हा १९६० नंतर महाराष्ट्राने त्या राज्यापुरत्या दिल्या आणि दिल्लीने त्या १९९० पर्यंत दिल्या नाहीत. तीस वर्षे जालन्याचा बौद्ध तरुण मुंबईच्या मंत्रालयात राखीव जागेचा हक्कदार होता आणि रेल्वेच्या कचेरीत नव्हता. आज गयेच्या मुलाचे नेमके उलटे आहे. ज्यांच्या बापांनी ते तीस वर्षे सोसले त्यांना दोन खिडक्यांचे दुःख समजावून सांगावे लागू नये, असे मला वाटते.

पण समजावून सांगावे लागते. आमच्या अभ्यासवर्गात हा विषय काढला तेव्हा आपलीच मुले उसळली. एकजण म्हणाला, इथे आमच्या पोरांना कंत्राटदार घेत नाही. बाहेरचा मजूर घेतो, कारण तो बारा तास राबतो आणि संघटनेत येत नाही. काम त्याने घेतले, आता राखीव जागाही त्यालाच द्यायची का? या प्रश्नातला राग खरा आहे आणि तो दडपून 'सारे दलित एक' अशी घोषणा देणे हा अप्रामाणिकपणा होईल. परंतु त्या रागाचा रोख चुकला आहे. बाहेरचा मजूर स्वस्त का पडतो? त्याला इथे कोणताही हक्क नाही म्हणून. हक्क नसलेला माणूस शेजारी उभा असला की हक्क असलेल्याचीही मजुरी पडते. १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माणसे रुळांवरून चालत निघाली तेव्हा त्या कायद्याची पाने किती ठिकाणी उघडली गेली ते सर्वांनी पाहिले.

वाटा कोणाच्या ताटातून द्यायचा, हा वादाचा मुद्दा आहे, आणि येथे युरोपकडून एक साधी गोष्ट घेण्यासारखी आहे. १९५८ मध्येच त्या सहा देशांनी स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा नियम केला. कामगाराने चार वर्षे बेल्जियमच्या खाणीत आणि दहा वर्षे जर्मनीत काम केले असेल, तर सारी वर्षे एकत्र धरायची आणि निवृत्तिवेतनाचा बोजा दोन्ही देशांनी वर्षांच्या प्रमाणात उचलायचा. कोणा एका सदस्याच्या गरिबांचा घास काढून दुसऱ्याला दिला नाही; हिशेब सामाईक केला. आपल्याकडे हे का होऊ नये? इथल्या अनुसूचित जातींच्या टक्केवारीला हात न लावता, स्थलांतरित दलितांच्या मुलांसाठी वाढीव जागा निर्माण कराव्यात आणि त्यांचा खर्च केंद्राने, म्हणजे सामाईक तिजोरीने, उचलावा. शिधापत्रिकेचे धान्य राज्याबाहेर मिळू शकत नाही, असेच पूर्वी सांगितले जाई. २०१९ मध्ये ती योजना सुरू झाली आणि २०२२ च्या मध्यापर्यंत सर्व राज्ये तीत आली. गयेचे धान्य जालन्याच्या दुकानात अंगठा लावून घेता येते. धान्याला जे जमले ते दाखल्याला जमणार नाही, असे म्हणणारा मनातले खरे कारण सांगत नाही.

न्यायालयाच्या बाजूनेही एक फट पडली आहे. बाहेरच्या राज्यातून आलेल्या दलिताला इथे जातीवरून मारहाण झाली तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो की नाही, असा प्रश्न होता. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले की, या कायद्याचे संरक्षण माणसाच्या मूळ राज्यापुरते मर्यादित नाही. तो देशात कोठेही असला तरी ते त्याच्याबरोबर आहे. देफ्रेनच्या निकालाची मला येथे आठवण होते. संरक्षणाने सीमा ओलांडली. संधीने अजून ओलांडलेली नाही. हा निकाल एमआयडीसीतल्या किती मजुरांना ठाऊक आहे, याची आपण कार्यकर्त्यांनी एकदा चौकशी करावी. मी केली, आणि मला विचारलेल्यांपैकी एकालाही तो ठाऊक नव्हता.

राज्य सरकार हे करील का? ज्याचे मत येथे नाही त्याच्यासाठी ते का करील? या कामगारांपैकी पुष्कळांची नावे अजून गावच्या मतदारयादीत आहेत. छठपूजेला जाता आले तर ते जातात आणि निवडणूक जवळ आली असेल तर मत देऊन परततात. बिहारचा आमदार त्यांना मत मागतो, पण जालन्याच्या महाविद्यालयातल्या जागेवर त्याची सत्ता नाही. जालन्याच्या आमदाराची सत्ता आहे, पण त्याला त्यांचे मत नको आहे. दोन सदस्यांच्या मध्ये पडलेल्या या माणसासाठी बोलण्याचे काम संसदेचे. आणि याद्यांत बदल करण्याचा अधिकार ३४१ व्या कलमाच्या दुसऱ्या उपकलमाने संसदेलाच दिलेला आहे. त्यासाठी पहिला अर्ज जालन्याच्या कामगारांच्या सह्यांचा जावा, आणि त्यावर इथल्या बौद्धांच्या आणि मातंगांच्या सह्या गयेवाल्यांच्या सह्यांच्या वर असाव्यात, असा प्रस्ताव मी अभ्यासवर्गापुढे ठेवला आहे. चर्चा अजून चालू आहे. गेल्या बैठकीत अकरा जणांनी होकार दिला, सात जण उठून गेले.